मदतीचा हात मागे कधी घ्यायचा? (विशेष शाळेत जाणाऱ्या एका नवशिक्याचे प्रश्न)

जमाखर्च

निवृत्त होऊन वर्ष झालं. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आता रिकामा वेळ खायला उठतो म्हणून विशेष मुलांच्या एका शाळेत विचारायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वह्यांचा गठ्ठा नेला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी गठ्ठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मंगळवारी येतो म्हणताय, ते या मंगळवारी की दर मंगळवारी?"

दर मंगळवारी, म्हटलं. आणि जोर चढून शुक्रवारही कबूल केला.

पहिले सहा आठवडे मला एकही मूल मिळालं नाही. कोपऱ्यात बसून चित्रं कापायची, लॅमिनेशन करायचं, मागे वेल्क्रो चिकटवायचा. मनातून थोडा दुखावलो होतो, खोटं कशाला बोलू. नंतर कळलं की तोवर मुलं मला बघत होती. खोलीत नवं माणूस आलं की काहींचा अख्खा दिवस बिघडतो, म्हणून आधी मी भिंतीवरच्या घड्याळाइतका सवयीचा व्हायचं, मग पुढचं.

सातव्या आठवड्यात एका मुलाशेजारी बसवलं. अकरा वर्षांचा, स्वमग्न, जवळजवळ न बोलणारा. रांगेत त्याला पहिलंच उभं राहायचं असतं, म्हणून इथे त्याला कप्तान म्हणतो. मैदानावर जायची वेळ झाली, त्याची नाडी सुटलेली, मी वाकून झटकन बांधली. वर्गाच्या ताई लांबून बघत होत्या. मुलं बाहेर गेल्यावर हसत हसतच म्हणाल्या, "काका, त्याची तीन महिन्यांची मेहनत बांधून टाकलीत की हो!"

मग त्यांनी तक्ता दाखवला. नाडी बांधण्याचे नऊ तुकडे केलेले. शिकवायची सुरुवात मात्र नवव्यापासून! म्हणजे आठ पायऱ्या ताई करणार आणि शेवटची ओढ तेवढी कप्ताननं द्यायची. ती जमली की आठवी आणि नववी त्याची. असं मागे मागे जायचं. त्यामुळे रोज काम पूर्ण होतं ते त्याच्याच हातून, आणि "झालं!" हा क्षणही त्याचाच. पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं तर बिचाऱ्यानं रोज अर्धवट गाठ आमच्या हातात देऊन उठायचं. माझ्यासारख्या हिशेबनिसाला हे लगेच पटलं. शेवटची बेरीज ठरलेली असली की मागच्या नोंदी शोधायला हुरूप येतो.

तर त्या दिवसापासून मी हात पाठीमागे बांधून बसतो. अक्षरशः. पण प्रश्न सुटलेला नाही. मूल अडलंय आणि आपण पाहत बसलोय, हे फार अवघड आहे. कधी मदत करायची, किती करायची, आणि माझ्यासारख्यांनी शाळेला नेमका कशाचा हातभार लावायचा, यावर अनुभवी मंडळींनी लिहावं.

ओलीरेघ

तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना माझा नमस्कार सांगा. मी सतरा वर्षं विशेष शिक्षिका आहे आणि "या मंगळवारी की दर मंगळवारी" हा प्रश्न मला आजवर सुचला नाही याची लाज वाटली.

मदतीचं म्हणाल तर तिला पायऱ्या असतात. सगळ्यात जड मदत म्हणजे मुलाच्या हातावर हात ठेवून करून घेणं. त्याहून हलकी म्हणजे कोपराला नुसता स्पर्श. मग स्वतः करून दाखवणं, मग बोटानं खूण, मग शब्द, आणि सगळ्यात हलकी म्हणजे नुसतं थांबणं. नवं कौशल्य असेल तर जडकडून हलक्याकडे यायचं. थोडंफार येत असेल तर उलट, आधी थांबायचं, नाही जमलं तर खूण, तरी नाही तर करून दाखवायचं. हातावर हात ठेवण्याआधी मुलाला कळू द्या, आणि त्यानं हात ओढून घेतला तर सोडा. ते त्याचं शरीर आहे. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी बऱ्याच मुलांचे हात धरून बरंच काही "करून घेतलं". कागदावर छान दिसायचं.

एक गंमत सांगते. शब्दांची मदत हलकी वाटते, पण ती काढणं सगळ्यात कठीण. "आता काय करायचं? हं, पुढे? शाब्बास, आता?" अशी टकळी लागली की मूल कामाकडे बघतच नाही, तुमच्या आवाजाची वाट बघतं. आवाज थांबला की हातही थांबतात. खुणेचं चित्र समोर असेल तर त्यातलं एकेक काढून घेता येतं. आवाज कसा काढून घेणार? म्हणून वर्गात कमी बोला.

आणि मोजून थांबा. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेनं वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात, मग पुढचा प्रश्न किंवा दुसरं मूल. हेच तीन सेकंद केलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. ही साध्या वर्गांची गोष्ट. आमच्याकडे काही मुलांना दहा सेकंद लागतात. त्यात तुम्ही सातव्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारलात, की त्याची मोजणी परत शून्यापासून सुरू.

बाबाआदम

कप्तानचं वाचून आमचं घर आठवलं. मुलगा नऊ वर्षांचा आहे, बोलत नाही. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "बोलायला लागला का?" कुणीही विचारत नाही, "सांगायला लागला का?"

आमच्या शाळेनं चित्रांच्या देवाणघेवाणीनं सुरुवात केली. हवी ती वस्तू चित्रात दाखवायची आणि ते चित्र समोरच्याच्या हातात द्यायचं. अँडी बाँडी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये काढलेली पद्धत आहे. तिच्यातली खुबी चित्रात नाही, देण्यात आहे. मूल एकटं बसून चित्राकडे बोट दाखवेल आणि कुणाचं लक्षच नसेल, तर संवाद झालाच नाही. इथे त्याला उठून माणसापर्यंत यावं लागतं.

घरच्यांचा विरोध होता. "चित्रांची सवय लागली तर बोलणारच नाही." मीही घाबरलो होतो. स्पीच थेरपिस्टनं २००६ सालचा एक आढावा समजावून सांगितला. त्यात चित्रं, खुणा, यंत्रं अशा पर्यायी साधनांमुळे मुलाचं बोलणं घटलं असं एकही उदाहरण नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. माझा मुलगा त्या बहुतेकांत अजून तरी आलेला नाही. पण पहिल्यांदा त्यानं "नको" चं कार्ड आणून माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी ऑफिसला उशिरा गेलो. कारण त्याआधी नको म्हणायचं असलं की तो चावायचा.

सगळ्या शाळांनी "हवं" च्या आधी नाही तर निदान बरोबरीनं "नको" शिकवावं. आमच्या मुलांना जो येईल तो हात लावतो, उचलतो, भरवतो. त्यांना नको म्हणता आलंच पाहिजे.

जमाखर्च

@बाबाआदम, चावण्याचं वाचून थांबलो. आमच्या वर्गात असंच एक मूल आहे, त्याच्याबद्दल लिहितो सवडीनं.

ओलीरेघताई, सातव्या सेकंदाची चूक मी आजच तीनदा केली.

डस्टर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आठ मुलांच्या वर्गात दहा सेकंद थांबणं जमतं. मी सर्वसाधारण शाळेत शिकवतो, समोर पन्नासच्या आसपास डोकी असतात. त्यांतली दोन वाचत नाहीत, एक जागेवर बसत नाही, एकाला नीट ऐकू येत नसावं असा मला संशय आहे आणि पालक मान्य करत नाहीत. वरून समावेशक शिक्षणाचं पत्रक येतं. समावेश म्हणजे काय, तर त्याचं नाव माझ्या हजेरीत. पुढचं मी बघायचं.

विशेष शाळा चांगल्या असतील तर ही मुलं तिकडेच का जाऊ नयेत? त्यांचंही भलं, बाकीच्यांचंही.

खुणेचंपान

@डस्टर, तुमची दमणूक खरी आहे, निष्कर्ष पटला नाही. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नक यांच्या समितीनं १९७८ साली अहवाल दिला, त्यातूनच "विशेष शैक्षणिक गरजा" हा शब्दप्रयोग सगळीकडे रुळला. त्यांचा अंदाज होता की शाळेच्या वर्षांत कधी ना कधी पाचातल्या एका मुलाला जादा मदत लागते. म्हणजे तुमच्या पन्नासांत दहा. ती सगळी उचलून दुसऱ्या इमारतीत नेणार? त्यांतल्या बऱ्याच जणांना वेगळी शाळा नकोच असते, वर्षभर कुणीतरी नीट वाचायला शिकवलं तरी पुरतं.

पण पत्रकाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरातल्या परिषदेत ९२ देशांच्या सरकारांनी मान्य केलं की सर्वसाधारण शाळांनीच सर्व मुलांना सामावून घ्यावं. त्या जाहीरनाम्यात पैसा, शिक्षकांचं प्रशिक्षण, इमारती हे सगळं होतं. पुढे ज्यानं त्यानं त्यातलं फुकट होतं तेवढं उचललं.

माझी मुलगी कर्णबधिर आहे, कर्णबधिरांच्या शाळेत शिकते. हो, वेगळ्या शाळेत! कारण तिथे मधल्या सुट्टीत पन्नास जणांशी तिच्या भाषेत भांडता येतं. सर्वसाधारण शाळेत तिच्यासाठी एक दुभाषी ताई होती आणि मैत्रीण एकही नव्हती. म्हणून मी दोन्ही बाजूंनी भांडते, माफ करा.

ओलीरेघ

मधल्या सुट्टीत भांडायला मिळणं! शाळा तपासायला येणाऱ्यांच्या तक्त्यात हा रकाना हवा.

साधाप्रश्न

अज्ञानातून विचारतोय. ऐकू न येणाऱ्या मुलांशी खुणा केल्या तर ती आळशी होतात आणि ओठांवरून वाचायला शिकत नाहीत असं ऐकलं होतं. खरं आहे का?

खुणेचंपान

हे ऐकीव मत नाही, एकेकाळी ते ठरावानं मंजूर झालेलं होतं. १८८० साली मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधी, त्यांत स्वतः कर्णबधिर असलेला एक. ठरलं काय, तर तोंडी पद्धत श्रेष्ठ, शाळांतून खुणांची भाषा हद्दपार. त्यानंतर कित्येक शाळांत मुलांना हात पाठीमागे धरून बसवत, खुणा केल्या की शिक्षा. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडलं. तोवर १३० वर्षं निघून गेलेली!

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. भाषा आधी हवी, कुठलीही. ती डोक्यात असली की वाचनलेखन तिच्यावर चढवता येतं. नुसते ओठ बघून कळतं ते फार थोडं. आरशासमोर आवाज न करता "पान, बाण, मान" म्हणून बघा, ओठ तिन्ही वेळा सारखेच.

(जमाखर्चकाका, तुमचे पाठीमागचे हात आणि हे हात वेगळे, हे कळतंय मला. पण वाचताना क्षणभर पोटात गोळा आला होता.)

उलटीवेलांटी

इतके दिवस नुसता वाचक होतो, हा माझा पहिला प्रतिसाद. माझं वय ३४, डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक, पण वाचता-लिहिताना अडणं) आहे. तो विशीत कळला. त्याआधी माझं निदान "बेशिस्त" असं होतं.

देवनागरीत कसं अडतं ते लिहितो, कारण माहिती बहुतेक इंग्रजी अक्षरांबद्दलची मिळते. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचं बरंच जुळतं, त्यामुळे "मराठी तर सोपं, लिहिलंय तसंच वाचायचं" असं सांगतात. पण पहिली वेलांटी बघा. ती कागदावर आधी येते आणि तोंडातून नंतर. "किती" मधली वेलांटी क च्या आधी उभी आहे, उच्चार मात्र क झाल्यावर. डोळा डावीकडून उजवीकडे चाललाय आणि आवाज एक पाऊल मागे येऊन पुन्हा पुढे जातोय. तुम्हाला हे जाणवतही नाही. मला सातवीपर्यंत जाणवत होतं. रफार त्याहून वाईट, "सूर्य" मधला र डोक्यावर शेवटी बसतो आणि म्हणायचा मात्र य च्या आधी. घ-ध, भ-म, थ-य ही भावंडं वेगळीच.

उताऱ्याचं प्रकट वाचन असायचं. एकेकानं उभं राहून एकेक परिच्छेद. मी काय करायचो, तर पुढे बसलेली मुलं मोजायचो, माझा परिच्छेद कुठला येणार ते काढायचो आणि तेवढाच मनात घोटत राहायचो. बाकीचा धडा कशावर होता मला कधीच कळला नाही. आणि एखादं मूल गैरहजर असलं, की मोजणी चुकलीच.

एका बाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही, आदल्या दिवशी जाता जाता सांगून ठेवलं, "उद्या तू तिसरा परिच्छेद वाच." बस, एवढंच. त्या वर्षी मी पहिल्यांदा धडा ऐकला. @डस्टर सर, पन्नास मुलांत हे जमेल. याला वेळही लागत नाही.

डस्टर

हे वाचून गप्प बसलोय. उद्या करून बघतो.

ओलीरेघ

उलटीवेलांटी, मुलांच्या मोजणीची गोष्ट मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगू का? नाव न घेता.

ज्यांना हे नवं फॅड वाटतं त्यांच्यासाठी. डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यानं वापरला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरनं १४ वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिगत छापली, ज्याला शब्द वाचताच येत नव्हते. त्या मुलाच्या मास्तरांचं मत असं होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. त्या मास्तरांना बिचाऱ्यांना सगळं दिसत होतं, फक्त पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ध्वनी वेगळे काढायला शिकवायचे, अक्षर-आवाज जोड्या ठरलेल्या क्रमानं, बघून, म्हणून, बोटानं गिरवून, आणि कंटाळा येईल इतकी उजळणी. परीक्षेत वेळ वाढवून देणं त्यानंतर येतं. नुसता वाढीव वेळ देऊन वाचायला न शिकवणाऱ्या शाळाही पाहिल्यात.

उलटीवेलांटी

जरूर सांगा.

सदाफुली

सुंदर धागा. आम्हा मैत्रिणींचा ग्रुप दर वर्षी एका विशेष शाळेत खेळणी आणि भेटवस्तू घेऊन जातो. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून डोळे भरून येतात. सर्वांनी एकदा तरी अनुभव घ्यावा. फोटो टाकू का इथे?

बाबाआदम

कृपया टाकू नका.

शेंडेफळ

माझी मोठी बहीण अशा शाळेत होती. वर्षातून तीन-चार वेळा असे ग्रुप यायचे. त्या दिवशी तिचं वेळापत्रक मोडायचं, अनोळखी माणसं गाल ओढायची, टाळ्या वाजवून गाणी म्हणायची. ती कानांवर हात ठेवून घरी यायची आणि पुढचे दोन दिवस आई झोपायची नाही. शाळेच्या माहितीपत्रकावर मात्र त्याच कार्यक्रमाचा फोटो, बहीण मधोमध.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. भेट म्हणून खुळखुळा मिळाला होता.

सदाफुली

मला वाईट वाटलं. आम्ही चांगल्या भावनेनंच जात होतो.

जमाखर्च

सदाफुलीताई, मीही वह्यांचा गठ्ठा घेऊनच गेलो होतो. बसा, आपण एकाच बाकावरचे.

आता त्या राहिलेल्या मुलाबद्दल. हा रोज साधारण अकराच्या सुमारास वस्तू फेकायचा, कधी चावायचा. मला वाटायचं हट्टी आहे. ताईंनी माझ्या हातात वही दिली आणि तीन रकाने आखायला लावले: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. "तुमचं मत लिहू नका, दिसेल तेवढंच लिहा." नोंदी ठेवणं हा तर माझा धर्म! दोन आठवड्यांच्या पानांवरून बोट फिरवलं आणि पहिल्या रकान्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. अकराला वरच्या मजल्यावरचा वर्ग सुटतो. वीस खुर्च्या एकदम फरशीवर सरकतात. मला तो आवाज ऐकूही आला नव्हता. म्हणजे कानावर पडत होता, पण मी ऐकत नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी जुने टेनिसचे चेंडू गोळा केले, प्रत्येकाला चीर दिली आणि खुर्च्यांच्या पायांत घातले. वीस खुर्च्या, ऐंशी पाय. अंगठ्याला फोड आले. फेकणं बंद झालं असं म्हणणार नाही, पण अकराचं संपलं. आता जे होतं ते पावणेएकला, त्याचे रकाने भरणं चालू आहे.

ओलीरेघ

सदाफुली, शाळेला काय हवं असतं ते खरंच विचारताय असं समजून लिहिते. आणि तुमचा चारपाच जणींचा ग्रुप आहे हे मला मोलाचं वाटतं, म्हणून उत्तर थोडं लांब.

आमच्यासारख्या शाळांचा अर्धा वेळ साहित्य बनवण्यात जातो. प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं, चित्रं वेगळी. एका मुलीला छायाचित्रं कळतात, रेखाचित्रं नाहीत. दुसऱ्याला प्रत्यक्ष वस्तूच लागते, पोहायला जायचंय हे कळायला हातात टोपी द्यावी लागते. हे साहित्य फाटतं, हरवतं, चावलं जातं. महिन्यातून एक दुपार बसून कुणी हे बनवून दिलं तर माझ्या हाताला मुलं लागतात.

दुसरं, दुरुस्ती. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाची खुर्ची नीट नसेल तर शिकवणं व्यर्थ. पाय लोंबकळत असतील तर त्याची सगळी ताकद स्वतःला सावरण्यात जाते, हात लिहायला मोकळे राहतच नाहीत. पायाखाली योग्य उंचीचा पाट आणि कमरेला आधार एवढ्यानं अक्षर सुधारलेलं मी पाहिलंय. उंची किती, ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवून देणारे उपचारतज्ज्ञ) सांगतात. पण तो पाट करून देणारा माणूस आम्हाला सापडत नाही. चाकं कुरकुरणाऱ्या व्हीलचेअर वर्षभर कुरकुरतात.

तिसरं, मोठ्या मुलांसाठी मोठ्यांच्या गोष्टी. शेंडेफळनं खुळखुळ्याचं लिहिलंय त्यावर जास्त बोलत नाही. सोप्या भाषेतला मजकूर हवा, पण विषय वयाला साजेसा. सतरा वर्षांच्या मुलाला फुलपाखराच्या बडबडगीताऐवजी दाढी करण्याच्या पायऱ्या द्या.

आणि पालक. शाळेनं बैठक ठेवली की निम्मे येत नाहीत आणि आपण त्यांना बेपर्वा ठरवतो. त्या दोन तासांत मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो. बैठकीच्या वेळी मुलं सांभाळायला सवयीची चार माणसं असली तर हजेरी बदलते. सवयीची म्हणजे मुलांच्या सवयीची. जमाखर्चकाकांचे सहा आठवडे आठवा.

सदाफुली

पाटाचं आमच्यातल्या एकीला जमेल, तिचा सुतारकामाचा हात चांगला आहे. शाळेला विचारते. यंदा भेटवस्तू रद्द.

चौथीओळ

या सगळ्यापेक्षा प्रत्येक मुलामागे एक मदतनीस ठेवला तर प्रश्नच मिटेल ना? सर्वसाधारण शाळेतही शॅडो टीचर असतात आता.

ओलीरेघ

मिटत नाही, कधीकधी वाढतो. १९९७ मध्ये अमेरिकेत मायकेल जान्ग्रेको आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण वर्गांतल्या अशाच मदतनिसांचं निरीक्षण केलं. मदतनीस सतत चिकटून असला की वर्गशिक्षक त्या मुलाला आपलं समजत नाहीत, बाकीची मुलं जवळ येत नाहीत, आणि मूल प्रत्येक गोष्टीसाठी मोठ्या माणसाकडे बघायला लागतं. २००३ ते २००८ मध्ये ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात सारख्याच पातळीच्या मुलांत ज्यांना मदतनिसांचा आधार जास्त त्यांची प्रगती कमी दिसली. दोष मदतनिसांचा नव्हता. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांच्यावर काम संपवून घ्यायचं दडपण होतं. वही पूर्ण, मूल तिथंच! शिवाय मदतनीस आहे म्हटल्यावर खुद्द शिक्षकांचा वेळ त्या मुलाला कमी मिळत होता.

म्हणून माणूस द्या, पण पहिल्याच दिवशी ठरवा की तो कुठल्या कामातून कधी बाजूला होणार. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये लहान मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना जे पाहिलं, त्याला त्यांनी परांचीची उपमा दिली. इमारतीभोवती बांधतात ती. आमच्याकडे परांची बांधणारे पुष्कळ आहेत हो. सोडवायला कुणी चढत नाही.

डस्टर

करून बघितलं. वाचत नाहीत त्या दोघांना आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवला. एकानं वाचला, अडखळत, पण वाचला. दुसरा आलाच नाही शाळेत. कदाचित सांगितल्यामुळेच. आता त्याला काय सांगू ते सुचवा.

उलटीवेलांटी

सर, त्याला वाचायला नका सांगू. धड्यावरचा एक प्रश्न आदल्या दिवशी सांगा, उत्तर तोंडी घ्या. वाचन नंतर, वर्गाबाहेर, तुम्ही दोघंच.

जमाखर्च

तीन आठवड्यांनी लिहितोय. कप्तान नाडीच्या सहाव्या पायरीपर्यंत मागे आलाय. म्हणजे शेवटच्या चार त्याच्या. मधे आठवडाभर ताप आला आणि दोन पायऱ्या विसरला, त्या परत घेतल्या.

आज मात्र वेगळंच झालं. मैदानावर जायच्या आधी तो माझ्यासमोर खाली बसला, माझ्या बुटाची नाडी ओढून सोडली, मग बाकावर जाऊन बसला. दोन्ही हात पाठीमागे. आणि माझ्याकडे बघत राहिला.

बाबाआदम

मग? बांधलीत की नाही?

जमाखर्च

बांधली, तिसऱ्या प्रयत्नात. गुडघा वाकत नाही लवकर. त्यानं मदत केली नाही.